आबांचा वानवळा

कागद समोर ठेवायचा, बोटानं सहीची जागा दाखवायची आणि पेन मात्र स्वतःच्या खिशात ठेवायचं, ही आबांची पद्धत होती. सही करायला आलेली बाई पेनासाठी हात पुढे करायची. आबांना तो हात दिसायचा, पण ते न दिसल्यासारखं करायचे. चष्मा कपाळावर सरकवून ते म्हणायचे, "ताई, एकदा सोडलं की माघारी येत नाय. कळलं का?"

बाई बहुतेक वेळा भावाकडे बघायची आणि भाऊ घड्याळाकडे. "आबा, उरका की राव, साहेब जेवायला उठतील," असं कुणीतरी म्हणायचं. "ताईला इचारतोय, तुमाला न्हाई," आबा शांतपणे सांगायचे. ताई "कळलं" म्हणाली की मगच खिशातलं पेन बाहेर यायचं. ती नुसती मान हलवून भागवायला लागली तर ते पुन्हा पहिल्यापासून विचारायचे.

तालुक्याच्या गावाला जमिनीचे दस्त नोंदवायचं ऑफिस असतं, तुम्हीही कधी ना कधी त्याच्या पायऱ्या चढला असाल. आमच्याकडे त्या ऑफिसबाहेर पत्र्याची एक शेड आहे. तिथे आबांचं टेबल आणि माझा कॉम्प्युटर कितीतरी वर्षं शेजारी शेजारी होते. आबा दस्त लिहिणारे. पूर्वी हातानं लिहायचे, अक्षर असं की तलाठीसुद्धा कौतुकानं दाखवायचा. कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांचं अक्षर घरी बसलं आणि मी टेबलावर बसले. मजकूर ते सांगायचे, टाइप मी करायचे. राहायला ते निरगुडसरला होते. सकाळी डबा घेऊन यायचे, आणि बिबट्याच्या भीतीनं उजेड असेपर्यंत घरी पोचायचे.

आमचं निम्मं काम हक्कसोडीचं. वडील वारले की जमिनीवर मुलांबरोबर मुलींचीही नावं लागतात. मग एखाद्या दिवशी भाऊ बहिणींना जीपमधून घेऊन येतो, वाटेत मिसळ खाऊ घालतो, आणि बहिणी आपापला हिस्सा त्याच्या नावे सोडून देतात. सही झाली की साडीचोळी. हे सगळं माहेर तुटू नये म्हणून करायचं असतं, हे बहिणीला कळतं, भावाला कळतं आणि ऑफिसातल्या शिपायालाही कळतं. बोलत मात्र कुणीच नाही.

एकदा एक भाऊ चार बहिणींसाठी नारायणगावातून चार साड्या घेऊन आला होता. चारही एकाच रंगाच्या, एकाच काठाच्या. दोन नंबरच्या बहिणीनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आमी काय ब्यांडवाल्या हाय का रं?" शेड हसली, भाऊही हसला, आबा तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्या बाईनं सही केली. साडीच्या रंगावर भांडली, जमिनीबद्दल शब्द काढला नाही. त्या दिवशी आबांनी डबा उघडलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, "भूक माघारी येती. येईल संध्याकाळी."

माझ्या स्वतःच्या हक्कसोडीचा कागदही त्यांनीच सांगितला आणि मीच टाइप केला. सहीची वेळ आली तेव्हा आबांनी माझ्याही बाबतीत पेन खिशात ठेवलं. मी म्हटलं, "आबा, मला काय सांगताय, शब्दन् शब्द मीच ठोकलाय." ते म्हणाले, "ठोकणारी येगळी, सोडणारी येगळी. सोडणारीला इचारतोय." मी "कळलं" म्हटलं आणि सही केली. साडी चांगली होती, अजून आहे. माझ्या दोन मुली कधीतरी ह्याबद्दल विचारतील आणि तेव्हा मला काही सांगता येणार नाही.

आबांनी जगातल्या सगळ्या गोष्टींची दोन गटांत वाटणी केली होती. माघारी येणाऱ्या आणि न येणाऱ्या. चहा पिताना हा त्यांचा आवडता खेळ असायचा. विहीर दुपारी उपसली तर सकाळपर्यंत झऱ्यानं पाणी माघारी येतं. नदीची वाळू गेली की येत नाही, नातवानंही आशा धरू नये. उसनं नेलेलं पीठ येतं, फक्त थोडं जाड दळलेलं येतं. पतसंस्थेतली ठेव येते का, असं मी विचारलं तर ते म्हणाले, "चेअरमन कोणाय त्याच्यावर हाय." दुधाचा दात येतो, दाढ येत नाही. हे सांगताना ते नेमके गालाला रुमाल लावून बसले होते.

एकदा एक तरुण वकील त्यांच्याशी वाद घालायला लागला. म्हणाला, "आबा, असं कसं, गेलेली जमीन परत मिळते की. कोर्ट कशाला आहे?" आबा म्हणाले, "चोरून नेलेली मिळती साहेब. दमदाटीनं नेलेली मिळती, फसवून नेलेलीबी मिळती. पण हसत दिलेली कोण मिळवून देनार?" वकील म्हणाला, हेही तसं खरंच. मग त्यानं विषय बदलून पावसाचा काढला.

मला वाटायचं, ही त्यांची बोलण्याची लकब आहे. म्हाताऱ्या माणसाला एक वाक्य सापडतं आणि तो ते पुरवून पुरवून वापरतो. तसं नव्हतं, हे मला आक्का आल्यावर कळलं.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. दिलेली डिंगोऱ्याला. आई लवकर गेली म्हणून आबांना हिनंच कडेवर वाढवलेलं. वडील वारल्यावर तिनंही हक्क सोडला होता. तो कागद आबांनी स्वतः लिहिला होता, हातानं, नव्या नव्या धंद्याच्या हौसेनं. "अक्षरावर लई गर्व व्हता मला," त्यांनी एकदा सांगितलं. "आक्कानं इचारलं, कुठं करू सही? मी बोट दावलं. पेन तर आदीच तिच्या हातात दिलं व्हतं. तिला जीप गाठायची व्हती, मला कागद उरकायचा व्हता. वाचूनबी दावला न्हाई मी तिला." तेव्हा ती जमीन म्हणजे माळ होता, हुलगे-मटकीपलीकडे काही येत नव्हतं. पुढे कालव्याचं पाणी आलं आणि त्याच माळावर ऊस, कांदा, टोमॅटो उभा राहिला.

पाणी येऊन बरीच वर्षं झाली होती आणि इतकी वर्षं आबांना त्याचं काही वाटलं नव्हतं, असं तेच म्हणायचे. वाटायला लागलं ते एका मेथीच्या जुडीमुळे. गावच्या जत्रेला आक्का माहेरी आली होती. जेवण झाल्यावर दोघं शेतात चक्कर मारायला गेले. बांधाकडेला मेथी होती. आक्का वाकली, मग सरळ उभी राहिली आणि तिनं विचारलं, "भाऊ, एक जुडी उपटू का? सूनबाई रागवायची न्हाई ना?"

"माझ्या आक्कानं मला इचारलं," आबा मला सांगत होते. "आरं, निम्मं रान तिचं. तिथंच आमच्या आईला अग्नी दिला. आन ती मला इचारती, जुडी उपटू का."

नंतरच्या सोमवारी त्यांनी मला कागद सांगायला घेतला. बक्षीसपत्र. भाऊ बहिणीला निम्मी जमीन बक्षीस देतो. आबा एरवी मजकूर असा सांगायचे की माझी बोटं मागे पडायची. त्या दिवशी सारखे अडखळत होते. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे वाक्य आलं आणि ते थांबले.

"दडपण काढा त्याच्यातलं," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"दडपणाशिवाय म्हणून नका लिहू. दडपण हाय की. सकाळी उठल्यापासून हाय. खोटं कशाला लिहायचं?"

"आबा, ते कायद्याचं वाक्य आहे. राहू द्या."

त्यांनी राहू दिलं, पण पुढचा सगळा वेळ त्या ओळीकडे बघत बसले.

जमीन वडिलोपार्जित, त्यामुळे एकट्या आबांच्या सहीवर भागणार नव्हतं. मुलाची संमती लागणार होती. मुलगा एकुलता. कष्टाळू आणि सरळ, त्याला नाव ठेवायला जागा नाही. शेत तोच करायचा आणि पिकअपनं टोमॅटो नारायणगावच्या मार्केटला तोच न्यायचा. आबांनी त्याला नुसतं सांगितलं होतं की आत्याच्या कामाचा एक कागद आहे, सही करून जा.

तो यायच्या आधी मी आबांना म्हटलं, "आज ते तुमचं वाक्य नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा म्हटलं, "एक दिवस नको. तो सही करून जाईल आणि आक्कांचं काम होईल." आबांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

मुलगा आला तो चप्पल न काढताच. पिकअप रस्त्यावर चालू ठेवून आला होता. "आबा, माल उतरवायचाय, लवकर सांगा. कुठं करू सही?"

कागद समोर होता. सहीची जागा बोटानं दाखवून झाली होती. पेन दिलं असतं तर अर्ध्या मिनिटात सगळं संपलं असतं. आबांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"बस," ते मुलाला म्हणाले. "गाडी बंद करून ये. हे निम्मं रान हाय. एकदा सोडलं की माघारी येत नाय. कळलं का?"

मुलगा गाडी बंद करून आला, बसला आणि त्यानं कागद वाचला. दोनदा वाचला. मग तो उठला. त्याचा आवाज चढला नाही, उलट त्यालाच अपराधी वाटत असावं. "आबा, आत्याला काय लागंल ते आपण देऊ. माल न्या पायजे तेवढा, मी एका शब्दानं इचारणार न्हाई. पण मी राबतोय त्या रानात. जमीन नको." आणि तो गेला.

मला इतका राग आला की मी खुर्ची ढकलून उभी राहिले. जे वाक्य ऐकून आजवर एकाही बाईनं हात मागे घेतला नव्हता, ते ऐकून पहिला माणूस उठला, आणि तो नेमका हा. मी म्हटलं, "कशाला बोललात? करत होता ना सही?"

आबा कागदाची घडी घालत होते. म्हणाले, "आक्काला न सांगता घेतलं. आता ह्याला न सांगता काढून घेऊ? मंग मी तोच की. यवड्या वर्सांत काय शिकलो?"

मला ते पटलं नाही. आक्कांचं नुकसान झालं, एवढंच मला दिसत होतं.

त्यानंतर सुरू झाला वानवळा. शेतात नवीन माल निघाला की लेकीबाळींना थोडा थोडा पाठवतात. चार कणसं, ओंजळभर शेंगा, एखादी जुडी. आबांचा वानवळा म्हणजे कांद्याच्या गोण्या आणि टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट. शेतात जे निघेल त्याचं निम्मं. मुलानं शब्द पाळला. पिकअपमध्ये स्वतः माल भरून द्यायचा, नारायणगावात डिंगोऱ्याकडच्या जीपच्या टपावर बांधायचा. आबा ड्रायव्हरला फोन करून विचारत बसायचे, उतरवलं का, नीट उतरवलं का, एकही क्रेट तुमच्याकडे राहिला नाही ना.

पण आक्काही त्यांचीच बहीण. माहेराहून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं. कांद्याच्या गोण्या गेल्या की उलट्या जीपनं तांदळाचं पोतं यायचं. टोमॅटोचे क्रेट गेले की ते क्रेट नाचणी, हिरडा आणि कुरडयांनी भरून यायचे. आबांनी उसाचा गूळ पाठवला, तिनं ढेपेच्याच फडक्यात बांधून तुपाचा डबा पाठवला. आबा शेडमध्ये डोक्याला हात लावून बसायचे. "फेडू देत नाय ही बाई. जेवडं पाठवावं तेवडं माघारी येतंय." मी म्हटलं, "आबा, तुमच्या दोन गटांतल्या पहिल्या गटात टाका की हे." ते हसले नाहीत.

मग एक दिवस आक्का स्वतःच आली. उंच, वाळकी, कपाळावर मोठं गोंदण. बरोबर तांदळाची पिशवी होतीच. आल्या आल्या भावावर बरसली.

"ह्यो वानवळा हाय का बाजार? आळीतल्या बाया इचारत्यात, आक्का, तुजा भाऊ यापारी झाला का? लाज वाटती मला. सात जन्म घरात कांदा संपायचा न्हाई."

आबा म्हणाले, "आक्का, तुजंच हाय त्ये. निम्मं रान तुजं हाय."

"दिलं की मी."

"तवा तुला कळलं नव्हतं."

"मला कळलं नव्हतं?" आक्का हसली. "मी काय कुक्कुलं बाळ व्हते? आरं, जमीन घेतली आसती तर पाव्हणी नसते ऱ्हायले मी, शेजारीण झाले आसते. बांधावरनं भांडले आसते तुज्याशी. कोन बोलावतंय शेजारणीला जत्रंला?"

मग ती माझ्याकडे वळली. "ताई, कागद केला व्हता म्हनं तुमी. हाय का?"

मी कॉम्प्युटरमधला कागद उघडला. ती म्हणाली, वाचा. मी वाचायला लागले. नावं, गाव, गट नंबर. ती भिंतीकडे बघत ऐकत होती. चतुःसीमा आली, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे ते. पूर्वेस ओढा, दक्षिणेस विहीर, असं मी वाचत गेले. 'पूर्वेस ओढा' ऐकल्यावर तिचा हात पदराकडे गेला. "त्या वड्यात मी आईची लुगडी धुतल्यात," ती म्हणाली. "परत वाचा बरं."

मी परत वाचलं. ती तिसऱ्यांदा वाचा म्हणाली नाही, पण मला वाटतं तिला म्हणायचं होतं. आबा तिच्याकडे एकटक बघत होते. शेवटी ती उठली, म्हणाली, "चांगलं लिवलंय. ऱ्हाऊ द्या तसंच." मला म्हणाली, "तांदूळ जुना हाय ताई, पाणी जादा घाला," आणि जीप गाठायला गेली.

ती गेल्यावर आबा म्हणाले, "बघितलं? पायजे व्हती तिला."

त्या पावसाळ्यात आबांनी अंथरूण धरलं. मी दोनदा भेटायला निरगुडसरला गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्याशी आजारावर एक शब्द काढला नाही. "पोरगा काय बोलला का तुमाला?" एवढंच विचारलं. पोरगा काही बोलला नव्हता. त्याच्याशी बोलायचं मी ठरवत होते, आणि टोमॅटोचा हंगाम आहे, नंतर बोलू, असं पुढे ढकलत होते. आबा भाद्रपदात गेले.

दशक्रिया घोड नदीच्या घाटावर झाली. गर्दी खूप होती. तालुक्यातल्या निम्म्या खातेदारांचा कागद ह्या माणसाच्या हातून गेलेला. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं. प्रत्येक पुढारी उठून सांगत होता की ही कधीही भरून न येणारी हानी आहे. एकानं तर दस्तलेखन क्षेत्रात पोकळी निर्माण झाली, असं म्हटलं. आबा असते तर ह्या पुढाऱ्यालाही त्यांनी थांबवून विचारलं असतं, कळलं का?

नंतर पिंड ठेवला. सगळे मागे सरकले. समोरच्या बाभळीवर कावळे होते, चांगले पाच-सहा होते. एकही खाली येईना.

थोडा वेळ गेला. मुलगा हात जोडून पुढे झाला. "आबा, घरचं सगळं नीट सांभाळीन." कावळे हलले नाहीत. "पोरांची शिक्षणं करीन." काही नाही. भटजींनी खूण केली, अजून बोल. मुलाच्या मानेवर घाम आला होता. "आबा, आत्याला अंतर देणार न्हाई. दर दिवाळीला साडीचोळी करीन. वानवळा चालू ठेवीन." मागून एक म्हातारा पुटपुटला, "रानाचं बोल की लेका." ते मुलाला ऐकू गेलं. त्यानं मान खाली घातली. ऊन चढत होतं. बाया पदर डोक्यावर ओढून घेत होत्या, आणि कावळा शिवत नाही म्हटल्यावर भटजी दर्भाचा कावळा करायला बसले.

तेव्हा आक्का उठली. बायांमधून वाट काढत ती पिंडाजवळ गेली. तिला कुणी अडवलं नाही. ती खाली बसली नाही, हात जोडले नाहीत. आपण घरात दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलतो तशी बोलली.

"भाऊ, रान मिळालं बरं का मला. निम्मं नावावर झालं माज्या. वड्याकडचं. ह्या ताईंनीच कागद केलाय. इचार पायजे तर."

सगळा घाट माझ्याकडे बघायला लागला. मुलगाही बघत होता. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही, घाबरलेला होता तो. त्या वेळी मी एवढंच म्हणायला हवं होतं की कागद केलाय, सही राहिलीय. सगळ्या गावासमोर, बापाच्या पिंडासमोर, तो नाही म्हणाला नसता. कागद माझ्या पिशवीत नव्हता, तरी मुलाकडून नवा कागद दुपारपर्यंत झाला असता. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या सुचलं होतं, नंतर घरी येऊन नव्हे. पण आक्का माझ्याकडे बघत होती, आणि तिला ते नको होतं, का मलाच ती वेळ नकोशी झाली होती, ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

मी म्हटलं, "हो आबा. झालाय कागद."

कावळा उतरला. एक उतरला, मग दुसरा. लोक उठले, चपला शोधायला लागले, जेवणाच्या पंगतीचं बोलायला लागले. मुलगा नदीकडे तोंड करून उभा होता. आक्का माझ्याजवळ येऊन पायरीवर बसली आणि पदरानं तोंड पुसलं. मग हळूच म्हणाली, "खोटं बोलले ओ ताई. पण किती येळ बसवायचं भाऊला उनात?"